गाड्यांच्या गावात एवढी गाणी आली कुठून? डेट्रॉइटची गोष्ट

आपल्याकडून कोणी अमेरिकेत आलं की ठरलेलं असतं, न्यूयॉर्क, नायगारा, जमलं तर शिकागो. आम्ही राहतो नोव्हायला, डेट्रॉइटपासून गाडीने अर्धा-पाऊण तास, आणि इतक्या वर्षांत एकाही पाहुण्याने "डेट्रॉइट दाखवा" म्हटलेलं मला आठवत नाही. मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते तेव्हा मीच हट्टाने त्यांना वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका घरासमोर नेऊन उभं केलं. पांढरं, दुमजली, साधं राहतं घर, वर निळ्या अक्षरांत 'हिट्सव्हिल यू.एस.ए.' अशी पाटी. मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीची गाणी इथूनच निघाली. बाबांची सगळी नोकरी चिंचवडला एका कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये गेली, त्यांनी घर बघितलं आणि विचारलं, "अरे पण गाड्या बनवणाऱ्या गावात गाणी कुठून आली?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. कारण ब्लूज, गॉस्पेल, जॅझ, सोल, रॉक, टेक्नो, हिप-हॉप, अमेरिकन संगीतातला कुठलाही कप्पा उघडा, डेट्रॉइटचं कोणीतरी आत बसलेलं सापडतंच. आणि हे गाड्या बनत होत्या तरीसुद्धा झालं असं नाही, गाड्या बनत होत्या म्हणूनच झालं.

सुरुवात पगारापासून करू. १९१३ मध्ये हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकणारी असेंब्ली लाईन सुरू झाली, म्हणजे कामगाराने गाडीकडे जायचं नाही, गाडीच कामगारासमोरून सरकत जाणार आणि प्रत्येकाने दिवसभर एकच काम करायचं. काम इतकं कंटाळवाणं की माणसं टिकेनात. मग जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला ५ डॉलर जाहीर केले, आधीच्या रोजाच्या जवळपास दुप्पट. ही बातमी दक्षिणेत पोचली. मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया या भागात गुलामगिरी कागदावर संपून पन्नास वर्षं झालेली, पण काळी माणसं अजून गोऱ्या मालकाची जमीन वाट्याने कसत होती, कर्जात बुडलेली होती, आणि वर जिवाची भीती. ती निघाली. १९१० साली डेट्रॉइटमध्ये काळ्या लोकांची संख्या ६ हजारांच्याही आत होती, १९३० ला ती सव्वा लाखाच्या आसपास गेली. ही माणसं येताना सामान फारसं घेऊन आली नाहीत पण दोन गोष्टी बरोबर होत्या, शेतातला ब्लूज आणि चर्चमधलं गाणं, म्हणजे गॉस्पेल.

आता या सगळ्यांना राहायला जागा कुठे? शहरात बहुतेक ठिकाणी काळ्या माणसाला घर मिळत नव्हतं, खरेदीखतातच तशी अट लिहिलेली असायची. उरला पूर्वेकडचा एक तुकडा, ब्लॅक बॉटम आणि त्याला लागून पॅराडाईज व्हॅली. (ब्लॅक बॉटम हे नाव माणसांच्या रंगावरून नाही, तिथल्या काळ्या सुपीक मातीवरून पडलंय, फ्रेंच शेतकऱ्यांच्या काळापासून.) त्या वस्तीचा मुख्य रस्ता म्हणजे हेस्टिंग्ज स्ट्रीट. दुकानं, खाणावळी, बार, चर्च सगळं एकाला एक चिकटून. कोंबून भरलेली वस्ती, भाडं जास्त, घरं वाईट, पण पगार रोख होता आणि शनिवारी रात्री तो खर्च करायला याच रस्त्यावर यायचं होतं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं पोट त्यावरच चाललं.

जॉन ली हूकर मिसिसिपीतून आला तो याच रस्त्यावर. दिवसा कारखान्यात झाडू-पोछा, रात्री गिटार. १९४८ मध्ये त्याने डेट्रॉइटमध्येच 'बूगी चिल्लेन' रेकॉर्ड केलं. एकटा माणूस, एक गिटार आणि खाली लाकडावर आपटणारा पाय, बस. तबला नाही ढोल नाही, तो पायच ताल धरतो. गाण्यात हेस्टिंग्ज स्ट्रीटचं नाव घेतलंय त्याने, आणि पुढच्या वर्षी ते देशातल्या काळ्या संगीताच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं. मला स्वतःला हे गाणं म्हणजे डेट्रॉइटच्या सगळ्या संगीताची बाराखडी वाटते, पुढे जे जे झालं त्यात तो आपटणारा पाय कुठेतरी आहेच.

त्याच रस्त्यावर न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्च होतं आणि तिथले पाद्री रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन. त्यांचं प्रवचन बोलता बोलता गाण्यात शिरायचं, एक ओळ त्यांनी टाकायची आणि लोकांनी ती उचलायची, आपल्याकडे भजनात बुवा पुढे आणि मागून टाळकरी असतात तसंच. रस्त्यावरच्याच एका रेकॉर्डच्या दुकानाच्या मालकाने, जो फॉन बॅटलने, ती प्रवचनं रेकॉर्ड करून विकायला सुरुवात केली आणि ती देशभर गेली. या पाद्रीबुवांची एक मुलगी पियानोवर बसून चर्चमध्ये गायची, तिचंही गाणं लहान वयातच याच माणसाने रेकॉर्ड केलं. ती अरीथा फ्रँकलिन. जगाने तिला सोलची (चर्चच्या ढंगात गायलेल्या चर्चबाहेरच्या गाण्यांची) राणी म्हटलं ते नंतर, आवाज तयार झाला तो त्या चर्चमध्ये.

आज हेस्टिंग्ज स्ट्रीट बघायला जाल तर काही नाही. १९५० च्या दशकात 'झोपडपट्टी निर्मूलन' म्हणून ब्लॅक बॉटम पाडायला घेतलं आणि मग त्यावरून थेट हायवे काढला, क्रायस्लर फ्रीवे. गाड्यांच्या पगाराने जी वस्ती उभी राहिली तिच्यावरून गाड्यांचाच रस्ता गेला. बाबांना घेऊन आम्ही त्या खोल खणलेल्या रस्त्यावरून गेलो तेव्हा मी सांगितलं, आपण आत्ता जिथून ताशी नव्वदने चाललोय तिथे लोक नाचायचे. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते.

पण नुसती माणसं आली, दुःख होतं, म्हणून गाणी झाली, असं म्हणणं मला फार अपुरं वाटतं. दुःख सगळीकडेच होतं. डेट्रॉइटमध्ये त्याच्या जोडीला दोन गोष्टी होत्या ज्या फारशा सांगितल्या जात नाहीत.

एक, पियानो. कारखान्यातला पगार नियमित येतो म्हटल्यावर कामगाराला हप्त्यावर पियानो घेता यायचा, आणि इथे फ्लॅट नाहीत, बहुतेक कामगार छोट्या स्वतंत्र घरांत राहायचे त्यामुळे पियानो ठेवायला जागाही असायची. ग्रिनेल ब्रदर्स नावाची पियानोची मोठी कंपनी इथलीच. आणि दुसरी गोष्ट सरकारी शाळा. डेट्रॉइटच्या शाळांत संगीत हा गंभीरपणे शिकवायचा विषय होता, वाद्यं शाळेची, शिक्षक तयारीचे. एकट्या कॅस टेक्निकल हायस्कूलमधून बेसवादक रॉन कार्टर आला, पॉल चेंबर्स आला, ट्रम्पेटवाला डोनाल्ड बर्ड आला, जॅझ ऐकणाऱ्याला ही नावं म्हणजे काय हे सांगायला नको. शाळा सुटली की पोरं पियानोवादक बॅरी हॅरिसच्या घरी जायची, तो स्वतः विशी-पंचविशीतला, आणि घरातच सगळ्यांना शिकवायचा. युसेफ लतीफ क्रायस्लरच्या कारखान्यात काम करत सॅक्सोफोन वाजवायचा.

याच शहरात १९३७ ला जन्मलेली, चर्चमध्ये ऑर्गन वाजवत मोठी झालेली अ‍ॅलिस मॅक्लाउड, पुढे अ‍ॅलिस कोल्ट्रेन झाली. पती, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन, गेल्यावर ती स्वामी सच्चिदानंदांकडे वळली, १९७१ च्या तिच्या अल्बममध्ये हार्पच्या मागे तानपुरा वाजतो, पुढे स्वतः स्वामिनी तुरियसंगीतानंद झाली, कॅलिफोर्नियात आश्रम काढला आणि तिथे संस्कृत भजनं गायली, पण गॉस्पेलच्या ढंगात. एकदा नक्की ऐका, डेट्रॉइटचं चर्च आणि आपलं भजन एका श्वासात ऐकू येतं.

आता ते पांढरं घर. बेरी गॉर्डी हा आधी बॉक्सर, मग जॅझ रेकॉर्डचं दुकान काढलं ते बुडालं, मग १९५५ मध्ये लिंकन-मर्क्युरीच्या कारखान्यात लाईनवर लागला. हातांना काम ठरलेलं, डोकं मोकळं, त्यामुळे उभ्या उभ्या तो मनात गाणी रचायचा. आणि एक गोष्ट रोज बघत होता, एका टोकाला नुसता लोखंडी सांगाडा येतो आणि दुसऱ्या टोकाने चकाचक गाडी बाहेर पडते. त्याच्या डोक्यात आलं की हे माणसांचं का होऊ नये, रस्त्यावरचं पोर एका दाराने आत यावं आणि दुसऱ्या दाराने स्टार होऊन बाहेर पडावं. घरच्यांनी पैसे साठवून एक सामाईक फंड केला होता, आपल्या भिशीच्या जवळ जाणारी गोष्ट, त्यातून त्याने ८०० डॉलर कर्ज घेतलं आणि १२ जानेवारी १९५९ ला रेकॉर्ड कंपनी सुरू केली. मोटर टाऊन, त्याचं मोटाऊन.

घर आधी एका फोटोग्राफरचं होतं, मागच्या स्टुडिओचा रेकॉर्डिंग स्टुडिओ केला. ती खोली बघून आश्चर्य वाटतं, एवढीशी जागा, छतातून लोंबणाऱ्या वायरी, वादक तिला 'स्नेकपिट' म्हणायचे, सापांचा खड्डा. आवाजाला घुमारा हवा म्हणून माळ्याचा इको चेंबर केलेला, खालून आवाज वर पाठवायचा आणि घुमून आलेला परत टेपवर घ्यायचा. दिवसाचे २२ तास काम चालायचं. कंट्रोल रूममध्ये ज्या जागी बसून ताल धरायचे तिथली जमीन पायाने झिजून गेलीय, आजही दिसते. आणि बाहेर एक चॉकलेटचं मशीन आहे. स्टीव्ही वंडर अकराव्या वर्षी इथे आला, त्याला दिसत नाही, म्हणून त्याचं आवडतं बेबी रूथ चॉकलेट कायम एकाच ठरलेल्या खणात ठेवायचे, म्हणजे पोराला हाताने चाचपून बरोबर मिळेल. आई त्या मशीनपाशीच थांबली होती.

लाईन कशी चालायची बघा. एकीकडे गाणी लिहिणारे, हॉलंड-डोझियर-हॉलंड हे त्रिकूट आणि स्मोकी रॉबिन्सन. मग वादकांची ठरलेली टीम. मग गाणारे, बहुतेक शेजारपाजारची मुलं-मुली, सुप्रीम्स या गायिकांच्या गटातल्या तिघी ब्रूस्टर प्रोजेक्ट्स या सरकारी वसाहतीत वाढलेल्या. मग मॅक्सीन पॉवेल बाई, ज्या पोरींना कसं चालायचं, कसं बसायचं, मुलाखतीत कसं बोलायचं हे शिकवायच्या, आणि चॉली अ‍ॅटकिन्स, नाच बसवणारे. आणि सगळ्यात शेवटी दर शुक्रवारी क्वालिटी कंट्रोलची मीटिंग. हो, हेच नाव. आठवड्याची गाणी वाजवायची आणि मत द्यायचं, कुठलं बाजारात जाईल, कुठलं परत. गॉर्डीचा प्रश्न असायचा की खिशात शेवटचा डॉलर आहे आणि भूक लागलीय, तर हे गाणं घ्याल का सँडविच? हे ऐकल्यावर बाबांचा चेहरा उजळला. म्हणाले, "म्हणजे फायनल इन्स्पेक्शनच की! आणि रिजेक्शन पण करायचे?" करायचे, भरपूर. एकदा तर बाजारात गेलेलं गाणं गॉर्डीला लय ढिली वाटली म्हणून त्याने रात्री तीनला स्मोकीला फोन करून सगळ्यांना बोलावलं आणि पुन्हा रेकॉर्ड केलं, आणि तेच मोटाऊनचं पहिलं दहा लाख खपाचं गाणं झालं.

गाणी ऐकली कुठे जाणार हेही ठरलेलं होतं, गाडीत. म्हणून तयार गाणं ते मुद्दाम गाडीच्या रेडिओसारख्या छोट्या स्पीकरवर वाजवून बघायचे. छोट्या स्पीकरवर मंद, गुंतागुंतीचं काही ऐकू येत नाही, म्हणून टँबुरीन झणझणीत, टाळ्या जोरात, ताल ठोकून ठोकून. त्यासाठी काहीही वापरलंय, 'डान्सिंग इन द स्ट्रीट' मध्ये लोखंडी पहार जमिनीवर आपटलीय, दुसऱ्या एका गाण्यात बर्फात टायरला बांधायच्या साखळ्या खुळखुळवल्यात. गाडीच्या डिकीतलं सामान थेट ऑर्केस्ट्रात.

पण मोटाऊनचा खरा जीव म्हणजे ती वादकांची टीम, फंक ब्रदर्स. ही मंडळी इथल्या क्लबांत जॅझ वाजवणारी, म्हणजे शाळा आणि बॅरी हॅरिसचं घर ज्या मातीतलं त्याच मातीतली, दिवसा स्नेकपिटमध्ये आणि रात्री क्लबात. त्यातला जेम्स जेमर्सन. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचं, खालचा गंभीर सूर धरणारं वाद्य, त्याआधी बहुतेक वेळा ते नुसतं पायरी पायरीने ठेका द्यायचं. जेमर्सनने त्याला गायला लावलं. उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा, तर्जनी, सगळे त्या बोटाला 'हुक' म्हणायचे. तारा तुटल्याशिवाय कधी बदलायच्या नाहीत हा त्याचा हट्ट, जुन्या तारेतच खरा आवाज असतो म्हणायचा. मोटाऊनचं कुठलंही गाणं चांगल्या इयरफोनवर लावा आणि गाणाऱ्याकडे अजिबात लक्ष न देता फक्त खालचा सूर धरा. तो उड्या मारतो, अडखळल्यासारखं करतो, गाणाऱ्याच्या ओळीला खालून उत्तर देतो, आणि समेवर मात्र चोख येतो.

आणि हे मला फार लागतं की वर्षानुवर्षं या माणसांची नावं रेकॉर्डच्या कव्हरवर नव्हती. १९७१ मध्ये मोटाऊनचा गायक मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमवर पहिल्यांदा नीट छापली गेली, आणि पुढच्या वर्षी कंपनीने गाशा गुंडाळून लॉस एंजेलिसला मुक्काम हलवला. जेमर्सन १९८३ ला गेला. त्याच वर्षी मोटाऊनच्या २५ वर्षांचा मोठा टीव्ही कार्यक्रम झाला, त्याला तो तिकीट विकत घेऊन मागे कुठेतरी बसला होता, असं सांगतात.

मधे १९६७ येऊन गेलं होतं. २३ जुलैच्या पहाटे पोलिसांनी बाराव्या स्ट्रीटवरच्या एका विनापरवाना बारवर धाड घातली आणि वर्षानुवर्षांचा पोलिसी जाच आणि घरांची कोंडी एकदम पेटली. पाच दिवस, ४३ मृत्यू. 'डान्सिंग इन द स्ट्रीट' गाणारी मार्था रीव्हज तेव्हा फॉक्स थिएटरमध्ये स्टेजवर होती, तिलाच प्रेक्षकांना सांगावं लागलं की शांतपणे घरी जा. हेस्टिंग्जवरून हुसकावल्यावर जो फॉन बॅटलने आपलं रेकॉर्डचं दुकान बाराव्या स्ट्रीटवर नेलं होतं. ते त्या आगीत गेलं, आणि बरोबर कितीतरी टेप्स. हायवेने रस्ता नेला, आगीने आवाज नेले.

रॉकबद्दल थोडक्यात, कारण त्यातला मी फारसा नाही. ग्रँडी बॉलरूममध्ये १९६८ च्या ऑक्टोबरात एमसी५ या रॉक बँडने आपला पहिला अल्बम थेट लोकांसमोर रेकॉर्ड केला, आणि रॉक गायक इगी पॉपने सांगून ठेवलंय की लहानपणी फोर्डच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रचंड प्रेसचा आवाज ऐकला, तो त्याच्या डोक्यात राहिला. गायक रॉड्रिग्ज मात्र सोडवत नाही. मेक्सिकन कामगाराचा मुलगा, १९७० आणि ७१ ला दोन अल्बम केले, अमेरिकेत कोणी विचारलं नाही, तो पाडकामाच्या मजुरीला लागला. आणि तिकडे दक्षिण आफ्रिकेत तो घराघरात ऐकला जात होता, त्याला पत्ताच नाही! १९९८ ला तिथे गेला तेव्हा हजारो लोक समोर. त्याच्यावरच्या माहितीपटाला पुढे ऑस्कर मिळालं. तो २०२३ मध्ये गेला, आणि शेवटपर्यंत राहिला डेट्रॉइटमध्येच.

आता १९८० चं दशक. कारखाने बंद पडतायत, जे चालू आहेत त्यात माणसांच्या जागी रोबो येतायत. रेडिओवर रात्री 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' नावाचा एक निवेदक, ज्याचा चेहरा कोणाला माहीत नव्हता, तो जर्मनीच्या क्राफ्टवर्कचं यंत्रांवरचं संगीत, अमेरिकेचे प्रिन्स, पार्लमेंट असलं सगळं एका मागे एक लावायचा, काळ्यांचं गोऱ्यांचं असा भेद न करता. शहराबाहेर बेलव्हिलमध्ये शाळेत जाणारी तीन पोरं ते ऐकत होती, हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन. त्यांनी हाताला लागतील ती स्वस्तातली यंत्रं घेतली आणि त्यातून निघालं ते टेक्नो.

ड्रम मशीन म्हणजे काय हे एकदा समजलं की टेक्नो समजतं. रोलंड कंपनीच्या ८०८ या मशीनवर ओळीने १६ बटणं असतात, आपल्या तीनतालाच्या १६ मात्रा मांडून ठेवाव्यात तशी. पहिल्या, पाचव्या, नवव्या, तेराव्या बटणाला धम्म लावा, मधल्या काही बटणांना छिक्, आणि सोडून द्या. मशीन थकत नाही, चुकत नाही, फिरत राहतं. त्यावर हळूहळू एकेक सूर चढवायचा, उतरवायचा. (हेच ८०८ मशीन घेऊन १९८२ मध्ये आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले होते. डेट्रॉइटला त्याचा पत्ता नव्हता, त्यांना डेट्रॉइटचा नव्हता.) अ‍ॅटकिन्स एकदा स्पष्टच बोलला होता की बेरी गॉर्डीने मोटाऊन फोर्डच्या पट्ट्यावर उभं केलं, पण आता कारखाने तसे चालत नाहीत, आणि मला गॉर्डीच्या संगीतापेक्षा फोर्डच्या रोबोंमध्ये जास्त रस आहे. बाबांच्या प्रश्नाचं याहून थेट उत्तर मला सापडलेलं नाही. १९८८ मध्ये इंग्लंडमध्ये या पोरांच्या गाण्यांचा संग्रह निघाला, युरोपने डोक्यावर घेतलं, आणि घरी ओळख मिळायला बराच काळ गेला. २००० पासून मे महिन्याच्या शेवटी नदीकाठी हार्ट प्लाझामध्ये मोठा महोत्सव भरतो.

आणि शेवटी जे डिला. जेम्स यॅन्सी, जन्म १९७४, कोनंट गार्डन्स वस्तीतला. हिप-हॉपसाठी ठेके बनवायचा. मशीनमध्ये एक सोय असते, क्वांटाइझ, तुम्ही बटण जरा मागेपुढे दाबलंत तरी मशीन तो ठोका ओढून बरोबर मात्रेवर बसवतं. डिला त्या शिस्तीशी खेळला. एक आवाज अगदी मात्रेवर, एक किंचित आधी, एक किंचित उशिरा, त्यामुळे लय लडखडल्यासारखी वाटते पण पडत नाही, आपल्याकडे कसलेला तबलजी लय ओढून धरतो ना, तसं. आज खरे ड्रम वाजवणारे वादक मेहनत करून त्याच्या मशीनसारखं वाजवायला शिकतात.

तो तिशीतच रक्ताच्या दुर्मिळ आजाराने खिळला. लॉस एंजेलिसच्या हॉस्पिटलमध्ये त्याची आई, मॉरीन यॅन्सी, त्याच्याजवळ राहिली. ती त्याला जुन्या रेकॉर्ड्स आणून द्यायची, पोर्टेबल प्लेअर आणि छोटं सँपलर (रेकॉर्डमधला तुकडा उचलून वाजवणारं यंत्र) पलंगावर, बोटं सुजून दुखायला लागली की ती चोळून द्यायची आणि तो परत कामाला लागायचा. त्यातून 'डोनट्स' हा अल्बम पूर्ण झाला असं सांगतात, जुन्या सोल गाण्यांचे तुकडे कापून जोडलेला, ७ फेब्रुवारी २००६ ला, त्याच्या ३२ व्या वाढदिवशी बाजारात आला. १० तारखेला तो गेला. त्याचं ठेके बनवायचं एमपीसी मशीन आईने नंतर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिलं.